यशवंतने ऐकलेला दगड

यशवंत गेल्याची बातमी नगरहून आलेल्या टांगेवाल्याने दारातच सांगितली. मी अंगणात कुरडया घालत होते. विषमज्वराचं दुखणं, चाळिशीही उलटली नव्हती... आई लवकर गेल्याने या भावाला मीच लहानाचा मोठा केला. त्या दिवशी मी धाय मोकलून रडले, आणि माझ्याहून जास्त रडले आमचे हे. आज काही आठवडे उलटल्यावर वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी लिहायला बसले आहे, तर डोळ्यांत पाणी नाही, संताप आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहावं, असा शिरस्ता आहे. मी खरं लिहिणार आहे. चांगलं होतं ते त्यात येईलच.

यशवंत नगरला शाळेत शास्त्र शिकवायचा आणि सुट्ट्या लागल्या की जामखेडच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी यायचा. माझे यजमान दाविद मिस्त्री पंचक्रोशीतले नावाजलेले गवंडी, त्यामुळे अंगणात सदा दगडाच्या कपच्या. एका उन्हाळ्यात यशवंत कापसाच्या जिनातला मोडीत काढलेला, दांडा फिरवून स्क्रूने आवळायचा दाब बैलगाडीत घालून घेऊन आला. मिस्त्रींनी त्याला दगडाचे लहान लहान ठोकळे घडवून दिले. ठोकळा दाबात धरायचा, विजेवरच्या ग्रामोफोनची सुई तिच्या डोक्यासकट मेणाने त्याला चिकटवायची, तिच्या तारा बॅटरीवरच्या रेडिओच्या डब्याला जोडायच्या आणि हेडफोन कानाला लावायचा. दांडा थोडा फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकले. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि बाहेरून बघावं तर ठोकळा जसाच्या तसा!

“फुटायच्या आधी तो सांगतो, अक्का,” यशवंत म्हणाला. “आपल्यालाच ऐकू येत नाही.”

त्याचा चेहरा तेव्हा असा फुलायचा की मी पोळ्या करपू द्यायची आणि त्याच्याजवळ बसायची. तडतड विरळ असली तर भीती नाही, दाट झाली की दगड धोक्यात, हे त्याने शोधलं. पुष्कळ ठोकळे दाट तडतडीनंतर जरा गप्प होत आणि मग फुटत. आणखी एक गंमत होती. दाब देऊन सैल केला आणि पुन्हा दिला, तर मागच्या दाबापर्यंत दगड चकार शब्द काढत नसे. त्याच्यापुढे गेलं की बोलायला लागे. हे ऐकून मिस्त्री खदखदून हसले होते.

“मान्सासारखंच हाय की ह्ये! येकदा सोसल्यालं कोन पुन्ना बोलून दाखवतं?”

आमच्या चर्चमधला माळा मिस्त्रींनीच बांधलेला. सुप्याच्या पुढच्या खाणीतून आणलेल्या लांब फरश्या, भिंतीतून बाहेर काढलेल्या. त्यावर गाणारी मंडळी बसायची आणि खाली बाया. कापणीच्या सणाला घरोघरचं धान्य आणून वेदीपुढे ठेवायची आमची रीत. त्या वर्षी ज्वारी अशी पिकली की वेदीपुढे जागा उरेना, तेव्हा चर्चच्या पंचांनी पोती माळ्यावर चढवायला सांगितलं. मिस्त्री म्हणाले, “मान्सं बसायला बांदलाय माळा, पोत्यांसाठी न्हाई.” पंच कुरकुरले. तेवढ्यात यशवंत पुढे झाला. “मी सुई लावून ऐकत बसतो. जरा काही वाटलं की ओरडतो.” मग काय, सगळे निर्धास्त, पोती वर चढली! त्याच्या कानांवर माझा तर बायबलच्या खालोखाल विश्वास. माळ्याच्या फरशीला सुई चिकटवून, तारा ओढून तो पाळकांच्या खोलीत हेडफोन लावून बसला. उपासना सुरू व्हायच्या आधी मी दारातून विचारलं, “काय रे, काय म्हणतोय?” त्याने हात वर केला. “गप्प आहे, अक्का. जा, बैस.”

दुसऱ्या गीताला माळ्याची फरशी मोडली. खाली बसलेल्या रूथबाई जागच्या जागी गेल्या. इतर काही जणी जायबंदी झाल्या. यशवंत पांढराफटक पडून बाहेर आला आणि म्हणाला, “बॅटरी उतरली होती. काहीच ऐकू आलं नाही.” पंचांनी ठरवलं की मिस्त्रींनी चीर गेलेला दगड लावला. मिस्त्रींनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. “माझ्याच नजरंला चीर दिसली न्हाई,” एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी छिन्नी हातात धरली नाही, आणि कुणी धरायला बोलावलंही नाही. आता ते लोकांच्या भिंतींना चुना लावतात. रूथबाईंच्या दारावरून जायला नको म्हणून ओढ्याच्या कडेने लांबून येतात.

यशवंत मात्र सुट्टीत यायचा, त्यांच्याजवळ तासन् तास बसायचा. “मिस्त्री, दगडाचं कुणाला काय कळतं?” म्हणायचा. सगळा गाव फिरला तेव्हा माझा भाऊ तेवढा आमच्या बाजूने उभा राहिला, याचा मला केवढा अभिमान होता! त्याचं ताट मी सगळ्यांच्या आधी वाढायची.

तो गेल्यावर मिस्त्रींनी लावून धरलं की, यशवंतचं यंत्र चर्चमध्ये काचेच्या कपाटात ठेवायचं. मी त्याच्या बायकोला, मनोरमाला, विचारायला नगरला गेले.

“चर्चमध्ये नको, अक्का,” ती म्हणाली. “बॅटरी उतरली नव्हती.”

मला वाटलं, दुःखाने काहीतरी बडबडते आहे.

“त्यांनी सगळं ऐकलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाच आवाज सुरू झाला होता. गीत लागलं तेव्हा दाट झाला. एवढ्या मोठ्या दगडात ती मधली शांतता येते का, ते त्यांना ऐकायचं होतं. ती आली की उठू, मग ओरडू, वेळ मिळेल, असं वाटलं त्यांना... शांतता आली, आणि त्यातच माळा मोडला. तापात रोज तेच सांगत होते. मी विचारलं, मिस्त्रींना का नाही सांगितलं? तर भिंतीकडे तोंड फिरवलं.”

एका चुकीची मी त्याला माफी दिली असती. हावरा होता ऐकण्याचा, लहानपणापासून. पण पुढची सगळी वर्षं? माझ्या हातचं जेवून, मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून, त्यांनाच धीर देत बसला! ज्याच्या पाठीवर आपलं ओझं टाकलं त्याचीच पाठ चोळत राहिला. तो मेला याचं दुःख आता मला नीट करताही येत नाही, तेही त्याने नेलं.

यंत्र आमच्या फळीवर आहे. मिस्त्री रोज ते फडक्याने पुसतात. सांगायला म्हणून मी दोनदा त्यांच्यासमोर बसले, आणि दोन्ही वेळा भाकरीचं काहीतरी बोलून उठले. शिवाय घरात कुजबुजून भागणार नाही. त्यांना बोल लागला तो चारचौघांत, आणि पंच ही पुरवणी वाचतात.

मिस्त्रींना अक्षरओळख नाही. दर रविवारी चर्चहून आलो की ते फळीखाली भिंतीला टेकून बसतात आणि मला म्हणतात, “वाच, आज काय आलंय त्यात.” पुरवणीतला एकही मजकूर ते मला गाळू देत नाहीत. या रविवारी मी हा वाचायला घेईन. यशवंतचं नाव ऐकून ते आधी कौतुकाने हसतील.