एकाच कोटातलं स्टेशन

आमच्या पुढच्या खोलीत कोट-टाय घातलेल्या एका गृहस्थांचा मोठा फोटो आहे. ते माझे वडील. वडिलांनी जन्मात कोट घातला नव्हता, आणि टायवाला माणूस दिसला की ते उठून सलाम करायचे. अक्कलकोटच्या बाजूच्या एका लहानशा स्टेशनावर ते सांधेवाले होते. येणारी गाडी कोणत्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे दांडा ओढून सांधे बदलायचे, हे त्यांचं काम. अंगात रेल्वेचा निळा सदरा आणि हातात बावटा, एवढंच मला त्यांचं रूप आठवतं. तरी गेली कित्येक वर्षं आम्ही हार घालतो तो या कोटातल्या साहेबाला.

हा साहेब कसा तयार झाला ते सांगते. वडील गेले तेव्हा त्यांचा म्हणून घरात एकच फोटो होता. त्यांच्या स्टेशनमास्तरांची बदली झाली तेव्हा सगळ्या स्टाफनं फलाटावर काढलेला ग्रूप फोटो. प्रत्येकाला एकेक प्रत मिळालेली. तेराव्याला फोटो पाहिजे म्हणून माझा थोरला भाऊ ती प्रत घेऊन सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका स्टुडिओत गेला. तिथल्या माणसानं कात्रीनं वडिलांचं डोकं कापून काढलं, कोटाच्या तयार चित्रावर चिकटवलं, मागे निळा पडदा रंगवला आणि त्याचा नवा फोटो काढून दिला. वडिलांचे दात पुढे होते. ते त्यानं ओठ जुळवून आत घातले. भाऊ खूश होऊन आला. उरलेला फोटो बघून आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "मुंडकं नसलेला फोटो घरात ठेवू नये." मग भावानं तो निर्माल्याबरोबर तळ्यात सोडून दिला. बाकीचा सगळा स्टाफ, फलाट, सिग्नल, सगळं त्याच्याबरोबर बुडालं.

तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलासुद्धा नाही. सगळ्यांच्याच घरी असे फोटो होते. आता मात्र मला त्या कात्रीचा आणि त्या कोटाचा असा संताप येतो की विचारू नका.

कारण आई विसरायला लागली आहे. मी शाळेतून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, त्यामुळे आई माझ्याकडे. मला ती ओळखते, भाजीवालीला ओळखते, भावाला फोनवर आवाजावरून ओळखते. पण एके दिवशी सकाळी तिनं त्या फोटोकडे बघून डोक्यावर पदर ओढला आणि मला आत बोलावून हळूच विचारलं, "त्ये सायेब कोन हायेत गं?"

"आई, ते अण्णा आहेत. तुझा नवरा."

"काय बाई बोलतीस. सायबाफुडं असलं बोलतेत व्हय?"

तेव्हापासून रोज हेच. पुढच्या खोलीत आली की पदर डोक्यावर. जेवायला तिथं बसत नाही, परक्या पुरुषासमोर कसं जेवायचं म्हणून. "सायबाला चा दिला का?" हे दिवसातून कितीतरी वेळा. मी दिला म्हणते. मग म्हणते, "लई येळ बसलेत. काम काय हाय त्येंचं?" आणि मग दाराकडे बघत बसते. "ह्ये कवा येनार डुटीवरनं?"

भाऊ पुण्यात असतो. दर रविवारी फोन करतो आणि सल्ला देतो. "तिला शांतपणे समजावून सांग," म्हणतो. शांतपणे! मी आयुष्यभर आठवीच्या मुलांना भूमिती शिकवली, मला कुणी शांतपणा शिकवू नये. फोटो उतरवून ठेवते म्हटलं तर याला वडिलांचा अपमान वाटतो.

मधेच त्याच्या मुलीनं ऑस्ट्रेलियाहून फोटो पाठवले. ती तिकडे नर्स आहे, शहरात नव्हे, गव्हाच्या शेतांच्या मधोमध असलेल्या एका आडगावात. ते गाव रेल्वेमुळे वसलं आणि रेल्वे बंद झाल्यावर निम्मं ओस पडलं. पण गावकऱ्यांनी जुन्या स्टेशनात एक खोली करून गावाचे जुने फोटो मांडलेत. लाकडी फलाट, पत्र्याचं छप्पर, उंच पाण्याची टाकी, गव्हाच्या पोत्यांची थप्पी आणि पुढे बाह्या दुमडून उभी असलेली माणसं. प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं. पायाशी एक कुत्रं बसलंय, त्याचंसुद्धा नाव. मला इतका राग आला. त्यांच्याकडे कुत्र्याचं नाव जपलेलं, आणि आम्ही सख्ख्या बापाचं धड पाण्यात सोडून मोकळे.

फोटोंसोबत भाचीचा निरोप: "आत्या, आजोबांचा स्टेशनावरचा एखादा फोटो पाठव ना. इथली माणसं म्हणतात, तुमच्याकडचाही लावू."

मी ते फोटो आईला दाखवले, वेळ जावा म्हणून. ती एकेक बघत राहिली. बावटा घेतलेल्या एका गोऱ्या माणसावर तिनं बोट ठेवलं. "ह्यो आपल्यातला हाय."

"आई, तो गोरा आहे."

"असंल. डुटीवर हाय की. बावटा कसा धरलाय बग." आणि तिनं पदर घेतला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हिला नवऱ्याचा चेहरा नुसता दाखवून उपयोग नाही. माणूस त्याच्या कपड्यात, त्याच्या जागी दिसला तर ओळखेल. आणि तसा फोटो जगात असलाच तर त्या ग्रूप फोटोच्या बाकीच्या प्रतींमध्येच. मी शोधायला लागले.

पहिलं घर सोलापुरातच, त्या स्टेशनावर पडेल ते काम करणाऱ्या खलाशाच्या मुलाचं. भिंतीवर खलाशीकाका कोट-टायमध्ये. मला तो कोट ओळखीचा वाटला. मग मंद्रूपला गेले, गेटमनच्या मुलाकडे. आठवडी बाजाराचा दिवस, रिक्षा मिळेना, उन्हात चालत त्याचं घर गाठलं. ओसरीवर गेटमन. तोच कोट, तोच टाय, तोच निळा पडदा. कॉलरची एक बाजू वर आलेली, तीसुद्धा तशीच. सगळे त्याच स्टुडिओत गेले होते. अख्खं स्टेशन एकाच कोटात बसवून ठेवलं होतं त्या माणसानं.

"लई भारी झालाय की फोटू," मुलगा म्हणाला. "आमचा बा मामलेदार दिसतोय का न्हाय?"

"उरलेला फोटो कुठं आहे?"

"त्यो कशाला ठिवतंय कोन? बिनमुंडक्याचा."

त्यानं आग्रहानं जेवायला घातलं, भाकरी चांगली होती, पण मी मनातल्या मनात सबंध जिल्ह्यातल्या कात्र्यांना शिव्या देत जेवले.

शेवटचं घर अक्कलकोटला. वडिलांच्या जोडीला दुसरे सांधेवाले होते, त्यांची बायको अजून आहे. "बर्री, कुंदर्री," असं कानडीत म्हणत त्यांनी मला बसवलं आणि मी वर बघितलं. कोट. मी काही बोलायच्या आधीच माझा चेहरा पडला असावा. तरी विचारलं.

"हाय की," बाई म्हणाल्या. उठून ट्रंक उघडली, लुगड्यांच्या घडीखालून एक पुठ्ठा काढला. "आमच्या मालकाचं कापून नेलं पोरानं. बाकीचं टाकून दे म्हनत हुता. मी म्हनलं, बाकीच्यांची तोंडं हायेत की त्यात. तवा तुमचे आन्ना धडधाकट हुते. जित्त्या मानसाचं तोंड कसं टाकायचं?"

आत्याबाईंचं आणि या बाईंचं शास्त्र एकाच कुळीतलं. पण आत्याबाईंना गेलेल्याचं धड दिसलं आणि या बाईंना बाकीच्यांचे चेहरे. मला त्यांच्या पायाशी डोकं ठेवावंसं वाटलं, आणि मी ठेवलं.

फोटोत मागच्या रांगेत एक भोक होतं. भोकाच्या शेजारी वडील. निळा सदरा फोटोत काळपट आलेला, काखेत गुंडाळलेला बावटा, दात बाहेर काढून मोठ्यानं हसताहेत. एक हात जोडीदाराच्या खांद्यावर. जोडीदाराच्या डोक्याबरोबर तो खांदाही कापून स्टुडिओत गेला आणि त्याच्याबरोबर वडिलांची बोटंही गेली. मी परत येताना एसटीत तो पुठ्ठा मांडीवर घट्ट धरून बसले.

वाटेतच भावाला मोबाइलवर पाठवला. लगेच फोन. "वा! पुण्यात एकजण आहे, कंप्युटरवर ते भोक भरून देतो. रंगीत करून देईल. अण्णांचे दातही जरा—"

"हात लावायचा नाही," मी म्हणाले. एसटीतली माणसं वळून बघायला लागली. "भोकसुद्धा भरायचं नाही."

घरी आले. आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, कारण पुढे साहेब. मी तिच्या हातात पुठ्ठा दिला. काहीही सांगितलं नाही, सांगून सांगून मी दमले होते. तिनं चष्मा सारखा केला. डोळे माणसांवरून फिरत गेले, भोकापाशी थांबले, मग शेजारी आले. पदराकडे हात गेला नाही. ती चेहऱ्याकडे फार वेळ बघत नव्हती. तिनं सदऱ्यावर नख टेकवलं.

"ह्ये पांडरं बटन मी लावलंय. काळं घावलं न्हाय. फोटू काडायच्या दिशी तरी दुसरा सदरा घाला म्हनलं, तर ऐकत्यात कुटं." ती खरोखर चिडली होती. इतक्या महिन्यांत मी तिला असं घरच्यासारखं चिडलेलं बघितलं नव्हतं.

मी वाकून बघितलं. काळ्या बटनांच्या रांगेत एक पांढरं बटन होतं.

मग ती भिंतीला धरून उठली, पुठ्ठा छातीशी घेऊन पुढच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथून हळू आवाजात मला म्हणाली, "त्या सायबाला आता जावा म्हनावं. ह्ये आल्यात."