जावयाचा दोष

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ठिणगी म्हणत. एकदा मी नमुन्याच्या नळीवर चिठ्ठी लावायला विसरलो, तर तिनं असा आवाज चढवला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. माझं टेबल तिच्या शेजारीच होतं. ती गायींच्या जनुकांवर पीएचडी करत होती. आईबापाकडून वासरात काय काय उतरतं आणि त्यातलं घातक काय, हा तिचा विषय.

तिला मावशीनं वाढवलं होतं, आणि मावशीचा गायींचा गोठा होता. तिथं बरीच वासरं टिकत नव्हती. गाय सुखरूप व्यायची, वासरू देखणं असायचं, पण उभं राहायला गेलं की पाय दुमडायचे. आठवडाभरात मान टाकायचं. गुरांचे डॉक्टर यायचे आणि मावशीवरच खेकसायचे, "वासराला पहिला चीक वेळेवर पाजत नाही तुम्ही! लक्ष कुठे असतं?" शेजारणी कुजबुजायच्या, हिच्या हाताला यश नाही. ऐकून ऐकून मावशीलाही ते खरं वाटायला लागलं. आपली लाडकी तांबडी गाय तिनं अवलक्षणी म्हणून विकून टाकली. ठिणगीला हे कळलं, तेव्हा दिवसभर ती समोर येईल त्याच्यावर खेकसत होती.

त्याच सुमारास तिला एक विचित्र गोष्ट दिसली. हजारो गायींच्या तपासणीत एक दोष सारखा सापडत होता. तो एकाच बाजूनं, म्हणजे फक्त आईकडून किंवा फक्त बापाकडून आलाय अशा गायी ढिगानं होत्या आणि धडधाकट होत्या. पण दोन्हीकडून दोष आलेली एकही गाय नव्हती.

"हिशेबानं असायला हव्यात," ती मला म्हणाली. "मग गेल्या कुठे?" आणि तिनंच उत्तर दिलं. "मेल्या असतील रे. मोठ्या व्हायच्या आधीच मेल्या असतील."

मावशीकडे पुढचं वासरू मेलं, तेव्हा ठिणगीनं त्याच्या कानाचा तुकडा आणून तपासला. दोष दोन्हीकडून आलेला होता. वंशावळ मागे मागे नेली, तर सगळे धागे एकाच वळूपाशी जाऊन थांबले.

हा वळू कृत्रिम रेतन केंद्राचा, म्हणजे गायी गाभण करायला जिथून वळूचं रेत पुरवतात तिथला. तिथली माणसं त्याला जावई म्हणत, कारण त्याचे लाडच तसे होते. त्याला स्वतंत्र पंखा, रोज आंघोळ, आणि शिंगाला कुणी हात लावायचा नाही. आसपासच्या निम्म्या गायी त्याच्या रेतानं भरवलेल्या. पुढे त्याचे गोऱ्हे वळू झाले आणि त्यांचंच रेत त्याच्या लेकी-नातींना दिलं गेलं. दोष दोन्ही वाटांनी येऊन वासरात भेटला.

आणि हा जावई निवडला होता आमच्या सरांनी, म्हणजे ठिणगीच्या मार्गदर्शकांनीच. त्याबद्दलचं मानपत्र त्यांच्या खुर्चीमागे टांगलेलं होतं.

तिनं हे सगळं प्रबंधात एक प्रकरण म्हणून लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "हे प्रकरण काढून टाक. बाकीचा प्रबंध उत्तम आहे."

"प्रकरण काढलं तर वासरं जगतील का, सर?"

"पुरावा कुठला आणलास? मावशीच्या गोठ्यातला! घरचीच फिर्याद आणि घरचाच साक्षीदार. लोक हसतील."

ती तणतणत बाहेर आली. "चोराच्या उलट्या बोंबा!" तिनं हातमोजे टेबलावर आपटले. "पण एक गोष्ट बरोबर बोलला माणूस. दुसऱ्या गोठ्यांतले नमुने हवेत."

ती सरळ गुरांच्या डॉक्टरांकडे गेली. मी सोबत होतो. तिनं सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "मला तरी हे कुठं माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, तर ओरडलात कशाला?"

त्या हंगामात जिथं जिथं असं वासरू मेलं, तिथून डॉक्टरांनी स्वतः नमुने आणून दिले. एकूण एक नमुन्यात तोच दोष निघाला.

विभागासमोर काम मांडायचा दिवस आला. सरांनी बजावलं होतं, तरी तिनं ते प्रकरण मांडलंच, जावयाच्या नावानिशी. सर उठले. "विद्यार्थिनीची घाई आहे ही. अजून पडताळणी व्हायची आहे."

"तुम्हीच करा पडताळणी, सर. नमुने फ्रीजमध्ये आहेत. आज करा. तोवर रोज त्याच्या रेतानं गायी भरवल्या जातायत, आणि वासरू मेलं की शिव्या बाईमाणसाला बसतायत!"

सरांनी प्रबंधावर सही करायला नकार दिला. विभागातल्या एका प्राध्यापक बाईंनी तिला आपल्याकडे घेतलं, नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेतले, निकाल तोच आला. पदवी मिळाली, पण वर्ष वाया गेलं.

रेतन केंद्रानं जावयाचं रेत बंद केलं. फलकावर लिहिलं, 'वयोमानामुळे निवृत्त.' ते वाचून ठिणगी संचालकांच्या खोलीत शिरली. "खरं कारण लिहा!" "लोकांचा विश्वास उडेल," ते म्हणाले. "उडायलाच हवा!" ती ओरडली. फलक काही बदलला नाही. मग डॉक्टरांना घेऊन ती दूध संकलनाच्या ठिकाणी जाऊन उभी राहिली आणि येईल त्याला सांगू लागली, कुठल्या वळूची वंशावळ टाळायची आणि का.

मावशीला तिनं घरी बसवून समजावलं. मला वाटलं होतं, म्हातारीला हायसं वाटेल. मावशी ऐकता ऐकता लालबुंद झाली.

"म्हणजे माझी तांबडी चांगली होती?"

"हो गं. दोष अर्धाच होता तिच्यात. दुसऱ्या वळूनं भरवली असती, तर वासरं जगली असती."

"मग इतकी वर्षं मला बोलले ते? ते कोण परत घेणार?"

मावशीनं पदर खोचला आणि दुपारच्या उन्हात ती तरातरा डॉक्टरांच्या दवाखान्याकडे निघाली. ठिणगी चपला शोधत तिच्यामागे धावली. अडवायला नाही, सोबत जायला.