गोठ्यामागची पांढऱ्या शेपटीची टिटवी

“मॅडम, ती टिटवी न्हाय एवढंच आबांना सांगा. मग बसत्यात ते गाडीत.”

लासुर्ण्याच्या सुनंदाताईंनी मला अंगणातच गाठले. त्यांच्या सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, हर्नियाचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी बारामतीत ठरले होते. डॉक्टरांनी आणखी थांबू नका, असे बजावले होते. पण तीन दिवस गोठ्यामागे टिटवी ओरडत होती. टिटवी ओरडली की घरातले माणूस जाते, अशी समजूत. आबांनी जाण्यास साफ नकार दिला होता.

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी पाणपक्ष्यांच्या सर्व्हेचे काम स्वीकारले, त्याला वर्षही झाले नव्हते. मी ठामपणे काही सांगावे, अशी माझी पात्रता मला वाटत नव्हती.

गोठ्यामागे कालव्याच्या पाझराचे डबके होते. त्यात लांब पिवळ्या पायांचा एक पक्षी उभा होता. मी फोटो पाठवून आमच्या सर्व्हेच्या सरांना फोन केला.

“डोळ्यापुढे आपल्या नेहमीच्या टिटवीसारखी लाल कातडी?” सरांनी विचारले.

“नाही. गळाही काळा नाही. उडाला तेव्हा शेपटी पूर्ण पांढरी दिसली, असे वाटते.”

“वाटते काय, मॅडम? फोटोत दिसतेय. पांढऱ्या शेपटीची टिटवी. हिवाळ्यात मध्य आशियातून येते. रिपोर्टमध्ये घ्या.”

सुनंदाताई खुलल्या. “म्हंजी आपली न्हाय! फकस्त नावात टिटवी हाय ते बोलू नका.”

तेवढ्यात बांधावरून आपल्या नेहमीच्या दोन टिटव्या कलकलाट करीत त्या पाहुण्यावर झेपावल्या.

आबा बाजेवर होते. मी जे पाहिले, ते सांगितले.

“ह्यो पाहुणा वरडला का, बाई?”

“नाही. ओरडल्या त्या आपल्याच टिटव्या.”

“मॅडम!” सुनंदाताई कळवळल्या.

“कुणावर वरडल्या?” आबांनी विचारले.

“त्याच्यावर. त्यांच्या जागेत आला म्हणून.”

आबा उठले. काठी टेकत गोठ्यामागे आले आणि माझ्या दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ उभे राहिले.

“कुठनं कुठं आलंय, शिव्या खातंय, अन् खाली मान घालून किडं टिपतंय!” ते हसले. “सुनंदा, कापडं भर. भांडण त्येंचं हाय. मी कशाला मधी मरू?”

ऑपरेशन नीट पार पडले. मी रिपोर्टमध्ये तिन्ही पक्षी नोंदवले. पक्षी ओळखणाऱ्याने दिसले तेवढे सगळे सांगावे. सोयीचे तेवढेच निवडून सांगू नये. अर्थ लावायला घरात जाणती माणसे असतात.