उघड्या नळीची दोन तोंडं

“तू पाणी भर. तेवढंच तुझं काम.”

मॅडम मला हे माइकवर म्हणाल्या. समोर चाळीसेक फिजिक्सचे लेक्चरर बसलेले. मी हातात पाण्याचा जग घेऊन टेबलापाशी उभी.  मग मॅडमनी इंग्रजीत सांगितलं, ही आमची अटेंडर, लॅबमध्ये राहून राहून चार शब्द शिकलीय. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले.

चार शब्द! टेबलावरची ती नळी मी केली होती.

मी म्हैसूरच्या एका कॉलेजात फिजिक्स लॅबची अटेंडर. अकरा वर्षं झाली. आमचं घर रंगाऱ्यांचं. आजोबा कापड रंगवायचे, बाबा छापायचे, आता भावाचं हूटगळ्ळीत कापडाचं दुकान आहे. घरात मराठी, पण निम्मी कन्नडच. या मॅडम फिजिक्स शिकवायला पुण्याहून आल्या, इथल्या बोगादी भागात राहायला लागल्या, आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “अगं, तू तर आपलीच की!” मी हुरळले. डबा अर्धा अर्धा खायचो. त्यांची मुलगी तापाने पडली तेव्हा आठवडाभर कॉलेज सुटलं की मी तिच्या उशाशी. सख्ख्या बहिणीसाठी केलं नसतं इतकं केलं.

लॅबमध्ये एक प्रयोग असतो. नळी पाण्यात उभी धरायची, म्हणजे खालचं तोंड बंद. वर ठोकून वाजता केलेला ट्यूनिंग फोर्क धरायचा आणि नळी हळूहळू उचलायची. एका उंचीला ती एकदम घुमते. ती लांबी मोजायची, त्यावरून आवाजाचा वेग निघतो. ही झाली बंद नळी. दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी आमच्याकडे नव्हतीच. मुलं पुस्तकातलं चित्र वहीत उतरवायची आणि मार्क घ्यायची.

भावाच्या दुकानात कापडाचे तागे पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून येतात. मी एक जाड आणि एक बारीक अशा दोन नळ्या उचलल्या, एकीत दुसरी सरकवली की लांबी कमी-जास्त करता येईल म्हणून. पण बारीक नळी आत डुगडुगायची, फटीतून आवाज जायचा. बाबा म्हणाले, बारीक नळीवर खळीत भिजवलेली कापडाची पट्टी गुंडाळ, वाळव, घास, परत गुंडाळ. रंगाऱ्याच्या घरात खळ कशी शिजवायची हे शिकवावं लागत नाही. नऊ थर दिले. दहाव्या दिवशी नळी अशी सरकली की बाबा स्वतःच चार वेळा आत-बाहेर करत बसले.

फोर्क धरला, नळी ओढत गेले. एकतीस सेंटिमीटरच्या जरा पुढे घुमली. अय्यो, काय सांगू! रिकाम्या लॅबमध्ये मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण वेग कमी येत होता. नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवासुद्धा हलते, म्हणून मोजलेल्या लांबीत थोडी लांबी मिळवतात. बंद नळीला एकदा. मीही मुलांच्या वह्या बघून एकदाच मिळवत होते. दोन दिवस डोकं खाल्लं. मग उजेड पडला. हिला तोंडं दोन आहेत, दोनदा मिळवायला हवं. मिळवलं, आणि आकडा बसला.

मॅडमनी नळी बघून मला मिठी मारली. “लेक्चररांच्या वर्कशॉपला ठेवू या. शेजारच्या माहितीच्या तक्त्यावर तुझं नाव माझ्या शेजारी.” हे त्यांचेच शब्द. दोनदा मिळवायचं तेही मी सांगत होते, पण त्यांचं लक्ष फोनकडे. मी घरभर सांगितलं. बाबांनी बजावलं, त्या नावाचा फोटो काढून आण.

वर्कशॉपच्या दिवशी तक्त्यावर एकच नाव होतं. मी खालच्या बारीक अक्षरांतही शोधलं. मॅडम माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी प्रयोग करून दाखवला आणि लांबी एकदाच मिळवली. वेग कमी आला. कुणीतरी विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, पुठ्ठ्याची नळी आहे, एवढी चूक यायचीच.

माझ्या नळीवर ढकललं! तेव्हा मी बोलले. “मॅडम, दोन तोंडं उघडी आहेत, अल्वा? दोनदा मिळवा.” घाईत ‘नाही का’च्या जागी कन्नड ‘अल्वा’ निघून गेलं.

त्यावर ते पाण्याचं वाक्य आलं. मग माइक बाजूला करून, फक्त मला ऐकू जाईल असं, “आधी मराठी तरी धड बोलायला शीक.”

लोक हसले ते मी गिळलं असतं. हे नाही गिळलं. ज्या भाषेने मला जवळ घेतलं तिनेच थोबाडीत मारली.

मी जग खाली ठेवला. सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडमध्ये म्हणाले, ही नळी मी बनवलीय, दोनदा मिळवून बघा. एका वयस्कर लेक्चररनी कागदावर करून बघितलं, मान हलवली, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.  मी नळी काखेत मारली आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलनी सांगितलं, माफी लिहून दे, नळी परत आण. मागोमाग मॅडम लॅबमध्ये आल्या. “आपल्या माणसांत असं करतात का गं?”

आपली माणसं म्हणे! मी काचेच्या नळ्या धूत राहिले.

संध्याकाळी प्रिन्सिपॉलना अर्ज दिला. नळी कशी केली, किती थर, दोनदा का मिळवायचं, सगळं लिहिलं. माफी लिहिली नाही. खाली लिहिलं, नळी माझ्या घरी आहे. तक्त्यावर माझं नाव लिहा, मग आणते. कामावरून काढायचं असेल तर काढा, तरी नाव लिहिल्याशिवाय ती मिळणार नाही.