वैशूचा बाजा मी परत पाठवला

वैशूशी शेवटचं बोलणं झालं ते परळच्या हॉस्पिटलात, दुपारच्या भेटायच्या वेळेत. काविळीचं निमित्त झालं आणि दहा दिवसांत माझ्या भाचीचे डोळे पिवळेधमक. चौतीस वर्षांची होती हो. मी संत्रं सोलत बसले होते, तर एकदम म्हणाली, "मावशी, मी गेले तर पार्टीतले येतील का गं?" पार्टी म्हणजे लालबागची तिची बेंजो पार्टी. गणपतीत, लग्नाच्या हळदीत गाडीवर कीबोर्ड, इलेक्ट्रिक ड्रमचं पॅड, ढोल लावून वाजवतात आणि पुढे अख्खी गल्ली नाचते, तेच ते. ही त्यात पॅडवर. मी म्हटलं, "गप गं, काहीतरीच बोलतेस. खा." तिने खाल्लं नाही. "सांग ना... येतील?" मी दुसरं संत्रं सोलायला घेतलं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला.

माझी बहीण गेली तेव्हा वैशू सहा वर्षांची. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत तिला मीच वाढवलं. मी शाळा शिकले चौथीपर्यंत, पुढचं सगळं पेपर वाचून वाचून, तेव्हा लिहिण्यात इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. पोरगी घरात बडबडी, पण शाळेत तिला कुणी विचारायचं नाही. नववीत पाच जणींचा एक कंपू होता. त्या ज्या बाकावर बसतील तो बाक सोन्याचा. वैशू त्यांच्यासाठी डब्यात मुद्दाम सुकटीची चटणी न्यायची. चटणी संपायची, वैशू होती तिथेच. गॅदरिंगच्या नाचात त्यांनी तिला घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी काढलं, "तू आमच्या लाइनीत सूट नाही होत." आता बघा, गॅदरिंगच्या दिवशी नाच अर्ध्यावर आला आणि सीडी अडकली. त्या पाच जणी स्टेजवर पुतळ्यासारख्या उभ्या. विंगेतल्या वैशूने पाण्याचं रिकामं पिंप उपडं केलं आणि दोन्ही हातांनी असा ठेका धरला की त्यांनी नाच पुरा केला, वर वन्स मोअर. आठ दिवस ती शाळेची राणी होती. घरी येऊन सांगायची, "मावशी, आज माझ्या बाजूला बसायला भांडण झालं!" नवव्या दिवशी कुणीतरी 'पिंपवाली' म्हणालं, सगळ्या हसल्या, आणि माझी पोर परत एकटी. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच किडा... हे मला ठेवून घेतात, की नुसतं वाजवून घेतात?

बाविसाव्या वर्षी लालबागच्या पार्टीने तिला पॅडवर घेतलं. तेवढ्या बाप्यांत ही एकटी मुलगी. घरात मी आकांडतांडव केलं. माझ्या आजोबांच्या वाट्याला गावात मढ्यापुढे हलगी वाजवायचं काम होतं. बौद्ध धम्म घेतला त्या दिवशी त्यांनी ती हलगी विहिरीत टाकली. आणि त्यांची पणती गाडीवर चढून वाजवणार? वैशू शांतपणे म्हणाली, "पणजोबांना वाजवायला लावायचे, मावशी. मला कुणी लावत नाहीये." दिवसा लोअर परळच्या मॉलमध्ये बिलिंगला बसायची, सुट्टीला तालीम. एकदा मी लालबागला बघायला गेले. च्युइंगम चघळत उभी होती बाई, आणि तिच्या हातावर सगळा रस्ता नाचत होता! तरी घरी येऊन तेच रडगाणं. "आज चहा मागवला तर माझा विसरले. मावशी, मी त्यांच्यातली आहे का गं?" मी म्हणायचे, "मग विचार की त्यांनाच." "असं विचारतात का कुणी!"

मातीच्या दिवशी घरात पांढरे कपडे, बुद्धवंदना चाललेली. खाली टेम्पो थांबला. पार्टीचे वीसेक जण काळ्या टी-शर्टात, बाजा उतरवताहेत. त्यांचा कॅप्टन संतोष वर आला, म्हणाला, "मावशी, फक्त पाच मिनिटं. तिनेच बसवलेले ठेके वाजवतो." आणि मला काय दिसलं सांगू? आजोबांची हलगी दिसली. मढ्यापुढची. चारचौघांत मी ओरडले, "आमच्यात मढ्यापुढे बाजा वाजत नाही. परत न्या!" तो हात जोडून खाली गेला. बाजा परत टेम्पोत चढला आणि ती सगळी माणसं रिकाम्या हातांनी शेवटपर्यंत मागून चालत आली. मला वाटलं, मी आजोबांचा शब्द राखला. तिसऱ्या दिवशी तिची चादर झटकताना तिचा प्रश्न आठवला. येतील का गं? अगं आले होते... तुझ्यासाठी आले होते, आणि त्यांचा बाजा दारातून मी परत पाठवला.

सव्वा महिना झोप नाही. शेवटी परवाच्या रविवारी दुपारी लालबागला गेले. एका गोदामात त्यांची तालीम चालते. संतोषसमोर हात जोडले, "वाजवा रे आता. मी अडवत नाही." तो म्हणाला, "आता कुणासाठी मावशी?" रागाने म्हणाला नाही, म्हणून जास्त लागलं. मग मी हॉस्पिटलातलं सगळं सांगितलं, चहाचंही सांगितलं. तो म्हणाला, "आमच्यातली आहे का? बारा वर्षं होती, मावशी. यात विचारायचं काय होतं?"

"मग एकदा तोंडाने सांगायचं ना रे तिला!" मी किंचाळलेच. मग संतोष हळूच म्हणाला, "आम्हाला वाटलं, तिला माहीत आहे."

पॅडवर नवा माणूस होता. चांगला उंच, पण पार कमरेत वाकून वाजवत होता, कारण स्टँड वैशूच्या उंचीवर लावलेलं, आणि माझी वैशू ती केवढीशी. मी म्हटलं, "अरे, वर कर की ते, पाठ मोडेल." त्याने संतोषकडे पाहिलं. संतोषने मान खाली घातली. ढोलवाला म्हणाला, "त्या स्टँडचा स्क्रू कुणी फिरवत नाही, मावशी."

हे आत्ताच्या आत्ता घरी जाऊन वैशूला सांगायचं, म्हणून मी लगबगीने उठले, चपलासुद्धा घातल्या... आणि गोदामाच्या दारातच उभी राहिले.