झोपू द्या त्याले

चढाईला निघण्याआधी तो मध्यरेषेजवळ थांबायचा, कपाळावरची बट दोन बोटांनी मागे सारायचा आणि आमच्याकडे बघून म्हणायचा, "आपला माणूस थकत नाही." मग हुतुतूचा दम धरून समोरच्या गड्यांत शिरायचा. सौंसरच्या बाजार मैदानावर जमलेले लोक त्या बटेलाच टाळ्या देऊन मोकळे व्हायचे. गडी बाद व्हायचे ते नंतर.

"आपला माणूस" म्हणजे मुंबईचा एक मोठा नट. नाव सांगत नाही. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी त्याचं चित्र ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं असेल. बट सारायची सवय त्या नटाचीच. तंबूतल्या सिनेमात त्यानं नटाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो आजारी आईला पाठीवर घेऊन जंगल तुडवत होता. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यानं मला ते तीनदा सांगितलं.

"गुरुजी, तो थांबलाच नाही जी!"

"अरे, थांबला असता तर सिनेमा तिथंच संपला असता," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवळात शिरलो होतो. दोन दिवस बोलला नाही.

तो आमच्या शाळेत कवायत शिकवायचा, मी गणित. राहायचा रामाकोन्याला. पण त्याचा सामना आहे म्हटलं की मोहगावचे लोक बैलगाड्या जुंपून यायचे. पाच-पाच जणांनी धरलेला तो रेषेला हात लावूनच उठायचा. माझ्या अंगात स्वतःचा असा एकही गुण नव्हता, खोटं कशाला बोलू? त्यामुळे हा कुठे तरी पोचावा, असं मला माझ्याच लेकरासारखं वाटायचं.

मग भाषेप्रमाणे राज्यं झाली. आम्हाला कोण विचारतो! कापूस, कचेरी, दवाखाना, सगळ्यासाठी ज्या नागपूरला जायचं, ते तिकडल्या राज्यात गेलं आणि आम्ही मराठी बोलत इकडेच, हिंदी राज्यात राहिलो. चहाच्या दुकानांतून महिनाभर वाद झाले आणि मग लोक आपापल्या कामाला लागले. त्याचं नुकसान मात्र भरून येण्यासारखं नव्हतं. जुन्या प्रांताचा संघ नागपूरला निवडला जायचा आणि त्यात यंदा त्याचं नाव पक्कं, असं सगळेच म्हणत होते. आता तो प्रांतच उरला नाही. नव्या राजधानीत त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं.

एकच दार उघडं होतं. नागपूरच्या एका गिरणीचा संघ होता. चांगल्या खेळाडूला तिथे नोकरी मिळायची. मी त्या संघाच्या सेक्रेटरीकडे तीन खेपा घातल्या. शेवटी तो वैतागून म्हणाला, "माणूस दुसऱ्या राज्यातला. बरं, रविवारी सकाळी दहाला आणा. एकदाच बघीन."

मी त्याला बजावलं, "तू तिशीला आला आहेस. हे गेलं तर संपलं."

"कायले घाबरून राहिले गुरुजी? आपला माणूस—"

"थकत नाही, ठाऊक आहे."

अन् त्याच आठवड्यात बातमी आली. तो नट उत्तरेकडचं शूटिंग आटपून नागपूरला एका समारंभाला येणार होता, त्याच रविवारी, सकाळच्या मेलनं. मेल पांढुर्ण्याला थांबायची. मी कपाळाला हात लावला, पण त्याचा हिशोब तसा सरळ होता. शनिवारी बसनं पांढुर्णा गाठायचं, धर्मशाळेत झोपायचं, सकाळी नटाच्या हातात संत्री द्यायची आणि त्याच गाडीनं पुढे नागपूरला. दहाच्या आत मैदानावर. मलाही त्यात खोट दिसली नाही.

संत्री त्यानं मेव्हण्याच्या बागेतून एकेक हुंगून तोडली होती, देठाला पान ठेवून. टोपली रात्रभर उशाशी.

गाडी आली. मी दोघांचं सामान घेऊन तिसऱ्या वर्गात चढलो. तो टोपली घेऊन पहिल्या वर्गाकडे धावला. फलाटावर ही गर्दी! पोरं खिडकीवर थापा मारत होती, चहावाला गळा काढून ओरडत होता. मी दारातून वाकून पाहत होतो. तो खिडकीशी पोचला, आत वाकला आणि तसाच राहिला. मग हळूच टोपली आत सरकवली. आणि गर्दीकडे तोंड करून दोन्ही हात पसरले.

"बोंबलू नका रे! झोपू द्या त्याले!"

अहो, ज्याला पाच जण धरू शकत नव्हते, त्यानं अख्खा फलाट धरून ठेवला. एकाची थाप खिडकीवर पडू दिली नाही. चहावाल्याचं तोंड हातानं बंद केलं. गाडी हलली. मी ओरडलो, "अरे चढ! चढ ना मूर्खा!" त्यानं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

नागपूरला मी एकटा उतरलो. मैदानावर सेक्रेटरी म्हणाला, "खेळाडू कुठे आहे, गुरुजी? नुसती चड्डीच आणली का?" त्याची पिशवी माझ्या खांद्यावर होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. मग एक दिवस तोच माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

"गुरुजी, त्याचं तोंड उघडं होतं झोपेत. रंग नाही, काही नाही. डोक्यावर केसही पातळ. आपल्या बापासारखा दिसून राहिला होता जी, वखर सोडून आल्यावर." मग म्हणाला, "आपला माणूस बी थकते."

मला राग आणायचा होता, तो आला नाही.

त्यानंतर तो नामांकित खेळाडू राहिला नाही, नुसता कवायतीचा मास्तर राहिला. त्या नटाचा सिनेमा मात्र एकही सोडला नाही. पण आता पडद्यावर तो नट धावायला लागला की हा खुर्चीत चुळबुळायचा. "बस कर रे बाप्पा, बस आता. पाय दुखून राहिले त्याचे." मागचे लोक शिव्या द्यायचे. नट पुढे म्हाताऱ्या बापाच्या भूमिका करू लागला, तेव्हा याला कुठे बरं वाटलं. "आता बसून काम हाये त्याले," म्हणाला. आणि अधूनमधून मला विचारायचा, "गुरुजी, खाल्ली असतील ना संत्री त्यानं?"

शेवटी शेवटी त्याचा दमच गेला. ज्याच्या दमावर मैदानं भरली, त्याला ओटा चढवेना. मी संत्री घेऊन रामाकोन्याला गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागला जी. उठवू काय?"

मी आत डोकावलो. तोंड उघडं, पांढरी बट कपाळावर आलेली. किती थकला होता हो तो!

"नको वहिनी," मी म्हणालो. "झोपू द्या त्याले."

संत्र्यांची पिशवी खाटेच्या पायथ्याशी ठेवली आणि परतीची बस धरली. त्याला आपण बरोबर ओळखतो, असं वाटून मनात थोडा फुगलोसुद्धा होतो.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेरवीला वहिनींनी सांगितलं. त्या दिवशी दुपार कलल्यावर तो जागा झाला, संत्री पाहिली आणि विचारलं, "गुरुजी आले होते?" त्या हो म्हणाल्या. तसा तो जो चिडला! लग्न झाल्यापासून इतका चिडलेला त्यांनी पाहिला नव्हता. "मले उठवलं काहून नाही? काहून नाही उठवलं?" दोनदा, तीनदा तेच.

"मग एक संत्रं हातात धरून दिवेलागणीपर्यंत दाराकडेच पाहून राहिले होते," त्या म्हणाल्या.