फाट्यावरचे दोन फ्लेक्स

मेल्याची बातमी आमच्याकडे कुणी तोंडावर सांगत नाही. ‘जरा सिरियस हाय, चला’ एवढंच म्हणायचं, माणसाला गाडीत घालायचं, वाटेत चहा पाजायचा. दारात पोचल्यावर बायकांचा हंबरडा कानावर आला की ज्याचं त्याला समजतं. ह्या रीतीत माया आहे असं मी बरीच वर्षं मानत आलो. आता मानत नाही.

आम्ही पाच मित्र थायलंडला गेलो होतो. पिंपरी पेंढारच्या आसपासचे, एका बाकावर शिकलेले, एका टीममधून क्रिकेट खेळलेले. टोमॅटोचा तोडा आटोपला होता, उसाला तोड यायला अवकाश होता. निघायच्या दिवशी मंडळाच्या पोरांनी फाट्यावर फ्लेक्स लावला, ‘परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा’. त्यावर आम्ही पाचही जण गॉगल घालून. ते गॉगल आमचे नव्हते, फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवलेले.

निरोप द्यायला तात्या आले होते, माझे चुलते. त्यांना मूलबाळ नाही. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे आमचं दोघांचं एकमेकांवाचून भागण्यासारखं नव्हतं. बैठकीत चार माणसं जमली की ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “माझं मडकं हाच धरनार.” मडकं म्हणजे तिरडीपुढं धरायचा विस्तव. आमच्या भागात तो मान पोटच्या मुलाचा. तात्यांनी तो मला जिवंतपणीच देऊन टाकला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

फाट्यावर फोटो निघाला. माझा जिवलग मित्र तात्यांच्या शेजारी उभा राहिला, त्यांच्या खांद्यावर अंगठीचा हात ठेवून म्हणाला, काळजी करू नका, तुमचा पोरगा आमच्याबरोबर हाय. तात्या खूश झाले. त्यांनी नवी टोपी घातली होती.

तिकडे पोचल्यावर पहिले दोन दिवस भांडणातच गेले. एकाला सकाळ-संध्याकाळ चपातीच लागे. दुसरा असा घोरायचा की त्याच्या खोलीत झोपायला कुणी तयार होईना. ठेच्याची बरणी बॅगेत फुटली आणि तिघांच्या शर्टांना लसणाचा वास लागला तो परत येईपर्यंत गेला नाही. पण हसलोही खूप. बाजारात हातवारे करून आंबे घेताना आमच्यातल्या एकानं बाईला थेट ‘मावशी, राव, जरा कमी करा ना’ म्हटलं आणि तिनं खरंच दोन आंबे जास्त टाकले. शाळा सुटल्यापासून एवढा वेळ आम्ही एकत्र असे कधी राहिलोच नव्हतो.

सिमकार्ड एकच घेतलं होतं, जिवलगाच्या फोनमध्ये. बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटवर. गावाकडचा निरोप यायचा तो त्याच्याकडेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन आला. तो बाहेर गेला, बराच वेळ बोलला, आत येऊन म्हणाला, घरनं होता, सगळं बरं हाय. मग आम्ही बेटावर जाणाऱ्या बोटीत बसलो. त्या दिवशी सगळे माझ्याशी फार गोड वागले. मला पुढची जागा दिली. नारळ पहिला मला. घोरणारा म्हणाला, रात्री मी बाहेरच्या सोफ्यावर झोपतो, तू नीट झोप. पाण्यात भिजायला नको म्हणून माझा मोबाइल जिवलगानं आपल्या पिशवीत ठेवला आणि संध्याकाळी सांगितलं की खारं पाणी गेलंय, चालू करू नको, जळेल.

समुद्रात पाठीवर तरंगायला मी त्या दिवशी शिकलो. आमचं पोहणं धरणाच्या पाण्यातलं, हातपाय मारून काठ गाठण्यापुरतं. इथं पाणीच माणसाला उचलून धरतं. मी पोटभर हसलो. तसा माझा फोटो एकानं काढला आणि सवयीनं स्टेटसला टाकला. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मी तो दिवस धरला होता, ह्याचा मला आजही संताप येतो.

मुंबईत उतरलो, माळशेज चढलो, ओतूर मागे पडलं. मग जिवलगानं घसा खाकरला आणि म्हणाला, “तात्यांची तब्येत जरा बिघडलीय. सिरियस हायेत.” मी ड्रायव्हरला गाडी पळव म्हणालो. त्या शब्दाचा आमच्याकडे अर्थ काय, हे मला माहीत होतं, तरी मी पळव म्हणालो.

चौघांनी सगळं जपलं होतं. फोन, पेपर, तोंडावरचे भाव. फाट्यावरच्या फ्लेक्सची आठवण मात्र एकालाही झाली नाही. वळण घेतलं आणि खांबावर गॉगल घातलेले आम्ही पाच जण दिसलो. त्याच खांबाला, जरा खाली, तात्या. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. दशक्रियेची तारीख, प्रवचनकाराचं नाव, आणि शोकाकुलांत पहिलं नाव माझं.

सावडणंही सकाळीच उरकलं होतं. मडकं भावकीतल्या एका लांबच्या भावानं धरलं. तात्यांशी त्याचं बांधावरून बोलणं बंद होतं.

घरात कुणी मला काही विचारलं नाही. पाठीमागे मात्र चालू होतं. चुलता सरणावर आन पुतन्या बोटीवर, असं कुणीतरी म्हटलेलं मी मोरीत हातपाय धुताना ऐकलं. आईसुद्धा माझ्याकडे बघेना. दोन दिवसांनी मीच म्हणालो, एक दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? पेटी आणायची, बर्फात ठेवायचं. विमानानं मी दुसऱ्या दिवशी पोचलो असतो.

आई म्हणाली, “पेटी सांगितली व्हती. तूच निरोप दिला ना, थांबू नका म्हनून?”

दशक्रियेला जिवलग आला. घाटावर मी डोकं भादरून बसलो होतो. तो शेजारी टेकला. मी त्या निरोपाचं विचारलं, त्यानं काही नाकारलं नाही. म्हणाला, तिकीट मिळालं नसतं. मी विचारलं, बघितलं व्हतं? त्यानं पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “सगळ्यांचीच ट्रीप मोडली असती, भाऊ. आन तुला तिथं परदेशात रडताना बघवलं नसतं. तुझ्या चांगल्यासाठीच केलं.”

“रडायला मला तात्यांच्या पायाशी बसायचं व्हतं,” मी म्हणालो.

तो उठून पंगतीत वाढायला गेला. चांगला वाढतो, कुणाला कमी पडू देत नाही. लोक त्याचं कौतुक करत होते.

आमचा ग्रुप अजून आहे. पुढच्या वेळी व्हिएतनाम म्हणतायत. मी उत्तर देत नाही, बाहेरही पडत नाही. बाहेर पडलो की कारण सांगावं लागेल, आणि गावाला खरं वाटेल ते त्याचंच.

तात्यांचा दुसरा धड फोटो घरात नव्हता. फ्लेक्सवाल्यानं फाट्यावरच्या त्याच फोटोतून त्यांना कापून काढलं आणि आईनं तोच फ्रेम करून भिंतीला लावला. नवी टोपी, चेहरा हसरा. कापताना त्याच्याकडून एक चूक राहिली. डाव्या खांद्यावर चार बोटं तशीच आहेत, एकीत अंगठी. आईला वाटतं तो हात माझाच आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तसं सांगते. मी तिला काही बोललो नाही. रोज हार घालताना तेवढा डावीकडे ओढून घेतो.